दात येताना लेकराजवळ माणूस हवं

आमच्या दौलताबादेत कुणाच्या घरी दात येणारं लेकरू रात्रभर रडलं, की सकाळी त्या दारात चार बायका उपाय घेऊन हजर असतात. एकीच्या पदराला टाकणखाराची पुडी, दुसरीकडे डिकेमाली, तिसरीने शहरातून आणलेली जेलची ट्यूब. सगळ्या मायेपोटी येतात. मी आरोग्यसेविका म्हणून उभं आयुष्य नोकरी केली, लसीकरणाच्या दिवशी मांडीवरच्या लेकरांच्या हिरड्या पाहिल्या, स्वतःची दोन वाढवली. आता सून वाळूजला कंपनीत जाते आणि नात दिवसभर माझ्याजवळ असते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली. हिरडी दुखते ती थोडी. त्या दुखण्यावर जे चोळलं-पाजलं जातं आणि दाताच्या नावावर जे दुसरं आजारपण अंगावर काढलं जातं, त्याने लेकरांचे जास्त हाल होतात. म्हणून हे बोल.

१. दाताचा महिना माहीत असावा, पण त्याची घाई नको.

बहुतेक लेकरांचा पहिला दात सहाव्या महिन्याच्या आगेमागे खालच्या हिरडीवर, अगदी समोर दिसतो. कुणाचा चौथ्या महिन्यात येतो, कुणाचा वाढदिवस झाला तरी तोंड बोळकं असतं. दोन्ही ठीक. खालचे दोन, मग वरचे दोन, मग त्यांच्या शेजारचे. १३ ते १९ महिन्यांत पहिल्या दाढा, १६ ते २२ महिन्यांत सुळे, आणि अडीच-पावणेतीन वर्षांपर्यंत मागच्या दाढा. असे दुधाचे २० दात पुरे होतात. दीड वर्ष झालं तरी एकही दात नसेल, तर मात्र दंतवैद्यांना दाखवावं. आपल्या संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे लेकरांनाही तपासतात.

वरचे दात आधी आले की "मामाला जड" म्हणून घरात कुजबुज सुरू होते. माझ्या नातीचे वरचेच आधी दिसले. तिचा मामा ठणठणीत आहे. क्रम मागेपुढे होतो, त्यात अशुभ काही नाही. त्या कुजबुजीने रात्र-रात्र जागलेल्या बाळंतिणीच्या जिवाला उगाच घोर लागतो, म्हणून ती थोरल्यांनीच थांबवावी.

हिरडीवर कधी निळसर फुगवटा दिसतो. आत दात असतो, वर थोडं पाणी किंवा रक्त साचलेलं असतं. सुई टोचू नका, दाबू नका. दात वर आला की तो आपोआप फुटून जातो.

२. दुखण्याचे दिवस मोजकेच असतात.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथल्या डॉक्टरांनी १२५ लेकरांच्या घरच्यांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या आणि २००० साली त्या छापल्या. दात वर येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, एवढ्याच काळात लेकरं जास्त चावतात, लाळ गाळतात, हिरडी चोळतात, चिडचिड करतात, घट्ट खाणं नाकारतात. अंग किंचित कोमट लागतं. मी गावात जे पाहिलं ते याच्याशी जुळतं. "तीन महिन्यांपासून दात येतायत म्हणून रडतंय" असं कुणी सांगितलं, की मी दात बाजूला ठेवते आणि लेकराचं वजन, कान, लघवी, दूध पिणं यांची विचारपूस करते. सारखा कान ओढणारं, आडवं केलं की जास्त रडणारं लेकरू कानाच्या दुखण्याचंही असू शकतं.

३. ताप आणि जुलाब दाताच्या खात्यावर टाकू नका.

माझ्या मते या सगळ्या बोलांत हा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

दात हेच सगळ्या आजारांचं मूळ, ही समजूत फार जुनी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही दात उगवणं हे बाळाच्या सगळ्या रोगांचं कारण सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात मृत्यूच्या नोंदींत 'दात येणं' हे कारण सर्रास लिहिलं जाई. १८३९ सालात तिथे असे पाच हजारांवर मृत्यू नोंदले गेले. ती लेकरं दाताने गेली नव्हती. जुलाब, न्यूमोनिया, मेंदूज्वर यांनी गेली. दात त्याच वयात येत होते, एवढंच.

हे सगळं एकाच वयात का येतं, ते समजलं की गैरसमज उरत नाही. सहाव्या महिन्यापर्यंत आईकडून पोटात मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते. त्याच सुमारास उष्टावण होतं, वरचं खाणं-पाणी सुरू होतं. लेकरू पालथं पडतं, सरपटतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. हिरडी शिवशिवत असली की जास्तच घालतं. घाणीचे जंतू पोटात जातात आणि जुलाब लागतात. कारण ते जंतू. दात शेजारी उभा असतो म्हणून आळ त्याच्यावर येतो.

म्हणून पातळ शी दोन-तीनदा झाली, की "दाताचे आहेत, होऊ द्या" हे वाक्य घरातून हद्दपार करा. क्षारसंजीवनीचं पाकीट अंगणवाडीत, आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात मिळतं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजा. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. सोबत १४ दिवस झिंक: सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०. शी थांबली म्हणून झिंक मध्येच बंद करू नका.

१००.४ फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप दाताचा मानू नका. तीन महिन्यांखालच्या लेकराला एवढा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी नाही, शीत रक्त, दूध ओढत नाही, लेकरू मलूल पडलंय किंवा झटका आला, तर वाट न पाहता निघायचं. इथे आरोग्य केंद्र आहे, पुढे शहरात घाटीचं सरकारी रुग्णालय आहे, १०८ ची गाडी आहे. सुट्टीच्या दिवशी किल्ल्यासमोर पर्यटकांच्या गाड्यांची कोंडी होते, त्यामुळे अशा दिवशी तर अंधार पडण्याची वाट पाहूच नये.

वाग्भटाबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्याच ग्रंथात असंही म्हटलं आहे, की दात येतानाच्या दुखण्यांत बाळाला फार जाचू नये, दात आले की ती आपसूक शमतात. निव्वळ हिरडीच्या त्रासापुरता हा सल्ला आजही खरा आहे.

४. पहिलं औषध म्हणजे धुतलेलं बोट.

साबणाने हात धुवा, नख कापलेलं असू द्या, आणि करंगळीच्या किंवा तर्जनीच्या पेराने हिरडीवर हळू दाब देत फिरवा. मिनिट-दोन मिनिटं पुरतात. आतून वर येणाऱ्या दाताचा ताण असतो, त्यावर बाहेरून दाब मिळाला की बरं वाटतं. म्हणून तर लेकरू स्वतःच मूठ चावत असतं. माझी नात आधी डोकं मागे घेते, मग माझं बोट धरून स्वतःच हवं तिथे नेते. तिला जिथे दुखतं तिथे मला पोचता येतं, हे सुख कुठल्याही बाटलीत नाही.

एक कळकळीची विनंती आजीलोकांना. आपल्याकडे कितीतरी बायकांना मिशरीची सवय असते. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखू. मिशरीचं बोट नुसतं पदराला पुसून लेकराच्या तोंडात घालू नका. तंबाखू त्याच्या लाळेत उतरतो. आणि "थोडी लावली तर हिरडी बधिर होते" म्हणून मुद्दाम लावणं तर कदापि नको. निकोटीन लहान लेकराला विष आहे.

५. थंड द्या, गोठलेलं नको.

उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ सुती फडकं भिजवा, पिळा, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गार झालं की एक टोक लेकराच्या हातात द्या, दुसरं चावू द्या. जुन्या धुवट लुगड्याचं फडकं यासाठी उत्तम. नव्या कापडाला खळ असते. फ्रिज नसेल तर तोच डबा माठात तरंगता ठेवा. उन्हाळ्यात माठाचं पाणी जितकं गार होतं तितकं हिरडीला पुरेसं असतं. स्टीलचा चमचा गार करून त्याची पाठ हिरडीवर टेकवली तरी चालतं. बर्फाचा खडा किंवा बर्फकप्प्यात कडक झालेली खेळणी मात्र नकोत. नाजूक हिरडीला गारठ्यानेही इजा होते. फडकं रोज उकळा.

सहा महिने झाले असतील तर गार खाणंही कामाला येतं: घरचं दही, कुस्करलेलं केळं, गार केलेली मऊ खिचडी. आमच्याकडे पावसाळा सरता-सरता सीताफळं येतात. दौलताबादचं सीताफळ सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा गर हिरडी दुखणाऱ्या लेकराला फार आवडतो, चावायला काही लागत नाही. पण गर चाळणीवर घोळून, एकूण एक बी काढूनच द्यायचा. बी घशात अडकते, शिवाय फुटली तर विषारी असते. टोपली घेऊन अंगणात बसून सीताफळं खाणाऱ्या घरात बिया जमिनीवर सांडतात आणि सरपटणारं लेकरू त्या वेचतं. त्या दिवसांत अंगण दोनदा झाडावं.

६. चावायला काय द्यावं, याचा विचार घशाकडून करा.

जुन्या पद्धतीत दोऱ्याला खारीक बांधून देतात, कुठे ज्येष्ठमधाची कांडी, कुठे कच्चं गाजर, कुठे भाकरीचा कडक पापुद्रा. हिरडीला बरं वाटतं हे खरंच. पण दोन दातांचं लेकरू तुकडा तोडू शकतं, दाढा नसल्याने चावू शकत नाही. तो तुकडा श्वासनलिकेत गेला तर मिनिटांचा खेळ असतो. खारीक-गाजर मी कुणालाच सुचवत नाही. संक्रांतीनंतर बोरन्हाण असतं, तेव्हा बोरं, उसाचे करवे, हलवा, चुरमुरे लेकराच्या अंगावर पडतात. हौस जरूर करा, पण लेकराला उचलून घेऊन आधी सगळं वेचा, मग खाली सोडा.

रबराचं किंवा सिलिकॉनचं, एकसंध, आत पाणी न भरलेलं कडं चांगलं. आत द्रव असलेलं फुटतं. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे, ते बघून घ्या. जत्रेतली रंगीत लाकडी खेळणी बघायला सुंदर असतात. पण रंगात शिसं असलं तर चावणाऱ्या लेकराच्या पोटात ते थेट जातं. ती मोठ्या भावंडाला द्या.

७. टाकणखार आणि मध: हा उपाय आता थांबवायचाच.

टाकणखाराची तव्यावर लाही करायची, मधात खलायची आणि हिरडीला चोळायची. मराठवाड्यात हे घराघरात आहे. माझ्या माहेरीही होतं. माझी माय हे अतिशय मायेने करायची, म्हणून याविरुद्ध बोलताना मला जड जातं. तरी बोलते, कारण यातल्या दोन्ही वस्तू लेकराला घातक आहेत.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो चाटणातून पोटात जातो, लहान जिवाच्या अंगातून लवकर बाहेर पडत नाही, साठत जातो. १९८३ साली ब्रिटनच्या बालरोगविषयक नियतकालिकात सात लेकरांची हकीकत आली होती. त्यांच्या चोखणीला टाकणखार-मधाचं मिश्रण लावून देत होते, आणि त्या लेकरांना झटके येत होते. मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. म्हणजे आपल्या पुडीतला हा उपाय परदेशातही होता आणि तिथे त्याचं फळ दिसून आलं.

मधाचं वेगळं आहे. मध कितीही शुद्ध असला तरी त्यात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांचं पोट त्यांना वाढू देत नाही. वर्षाच्या आतल्या लेकराच्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी घट्ट होते, मग रडणं क्षीण होतं, मान ढिली पडते, दूध ओढता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटही नको. जन्मल्याबरोबर चाटवायचं तेही नको.

गावातल्या मावश्या म्हणतात, "आम्ही चाटवला, काय झालं?" बऱ्याच लेकरांना काही होत नाही, हे खरंय. ज्याला होतं त्याच्या आईला ते सांगता येणार नाही. एवढंच मी त्यांना म्हणते.

८. गुटीबद्दल.

सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, मुरुडशेंग, बाळहिरडा, अतिविष यांचे वळसे देऊन आईच्या दुधात गुटी देतात. गुटीवर सगळ्यांचा जीव असतो आणि गुटी उगाळणाऱ्या हातांची मला किंमत आहे. पण सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, हे मी नोकरीभर सांगत आले. जायफळाने आणि वेखंडाने लेकरू गुंगतं, म्हणून दात येताना वळसे वाढवले जातात. इथेच धोका आहे. वळशाला माप नसतं, आणि सहाण ओली राहिली की तिच्यावर जंतू वाढतात. आयुर्वेदाचं काही द्यायचंच असेल तर शिकलेल्या वैद्यांना लेकरू दाखवून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावं. अंदाजाने नको.

९. बधिर करणारी जेल, लवंगतेल, गोड गोळ्या.

दुकानात मागितली की जेल मिळते. पण त्यात काय आहे ते वाचा. बेंझोकेन असेल तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद अचानक घटू शकते, लेकरू निळं पडतं; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या लेकरांसाठी ते विकू नका असं बजावलं. लिडोकेन लाळेबरोबर गिळलं जातं, घसा बधिर होतो, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, जास्त झालं तर झटके येतात आणि हृदयावर परिणाम होतो. त्याबद्दलचा त्याच प्रशासनाचा इशारा २०१४ चा. कोलीन सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातलं. ब्रिटनमध्ये २००९ पासून सोळा वर्षांखाली ते तोंडात लावू नये असा नियम आहे. शिवाय लाळेच्या ओघात जेल टिकते किती? काही मिनिटांत वाहून जाते. मग पुन्हा लावली जाते, आणि मात्रा वाढत जाते.

लवंगतेल मोठ्यांच्या किडक्या दाताला ठीक. लेकराला नको. १९९३ साली दोन वर्षांच्या एका मुलाने लवंगतेल प्यायल्याची नोंद आहे, एक-दोन चमचेच; तो बेशुद्ध झाला, झटके आले, यकृताला इजा झाली. उपचारांनी वाचला. बाटली घरात असेल तर उंचावर ठेवा.

दाताच्या म्हणून मिळणाऱ्या गोड पांढऱ्या गोळ्यांना लोक निर्धोक समजतात. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा काही गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण कमी-जास्त, काहींत छापल्यापेक्षा बरंच जास्त निघालं.

१०. खरंच फार दुखत असेल तर पॅरासिटामॉल, वजन करून.

सगळं करूनही लेकरू झोपत नाही, खात नाही, अशा एखाद-दुसऱ्या रात्री पॅरासिटामॉल देता येतं. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आपल्याकडे घोळ होतो तो बाटलीचा. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं. पातळ औषधात ५ मिलिलिटरला १२५, आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलीत ५ मिलिलिटरला २५०. सात किलोच्या लेकराला ७० ते १०५ मिलिग्रॅम लागतात. थेंबांतून ते साधारण पाऊण ते एका मिलिलिटरमध्ये होतं. १२५ च्या बाटलीतून तीन ते चार मिलिलिटर. चमचा बदलला नाही पण बाटली बदलली, की मात्रा दुप्पट नाहीतर कितीतरी पट होते. म्हणून डॉक्टरांकडून बाटलीवरच मात्रा लिहून घ्या, बाटलीबरोबरची पिचकारी किंवा मापाचं टोपणच वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नाही. तीन महिन्यांखाली विचारल्याशिवाय नाही. ॲस्पिरिन कधीच नाही.

"याने झोप लागते" म्हणून सर्दीचं औषध पाजू नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखाली वापरू नयेत, असं बाटलीवर छापण्याचा आदेश आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

११. लाळ.

लाळेरं दिवसातून चार-पाचदा बदला. हनुवटी आणि मानेच्या घड्या टिपून घ्या, पुसू नका. झोपण्याआधी खोबरेल तेलाचा पातळ हात. एवढं केलं की पुरळ येत नाही.

१२. अंगावर पाजताना चावलं तर.

दात येताच पाजणं सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. सोडू नका. लेकरू दूध ओढत असतं तेव्हा जीभ खालच्या दातांवर असते, त्याला चावता येत नाही. चावतं ते पोट भरल्यावर, चाळा म्हणून, नाहीतर ओढायला सुरुवात करण्याआधी. म्हणून पाजण्याच्या आधी हिरडी चोळून द्या, आणि ओढणं थांबलं की करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून घालून सोडवून घ्या. चावलंच तर ओरडू नका, शांतपणे बाजूला करा, थोड्या वेळाने पुन्हा घ्या. काही दिवसांत त्याला कळतं. दुखण्याच्या दिवसांत खाणं नाकारणारं लेकरू दुधावरच निभावतं, तेव्हा हे दूध फार मोलाचं.

१३. गळ्यात काही नको.

अंबरची माळ, दाताचा दोरा, ताईत, काहीच नको. झोपताना तर नकोच. २०१६ मध्ये अमेरिकेत अठरा महिन्यांच्या मुलाला झोपेत त्याच्या अंबरच्या माळेचा फास बसला आणि तो दगावला. त्यानंतर २०१८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अशा माळांविरुद्ध जाहीर इशारा दिला. दृष्टीचा दोरा बांधायचाच असेल तर पायात, सैल, मण्यांशिवाय.

१४. दात आला की त्याची राखण लगेच सुरू.

पहिल्या दातापासून सकाळ-रात्र ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने पुसा, ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढीच फ्लोराइडची पेस्ट. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. वाढदिवसाच्या सुमारास एकदा दंतवैद्यांना दाखवा. "पडणारेच आहेत" म्हणून दुधाचे दात किडू देऊ नयेत. ते दुखतात, आणि खालच्या पक्क्या दातांची जागा तेच राखतात.

१५. रात्र एकटीवर टाकू नका.

इतकं सगळं सांगितलं ते करायला कुणीतरी जागं लागतं. बोट फिरवायला, फडकं बदलायला, खांद्यावर घेऊन फिरायला. लेकराला गप्प करणाऱ्या वस्तू घरात येतात, त्या बहुतेक वेळा जागायला माणूस उरलेलं नसतं म्हणून येतात. यात आईचा दोष मला कधीच दिसला नाही.

मुंबईच्या गिरण्यांमधलं याचं उदाहरण मराठी माणसाने विसरू नये. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना बाळागोळी द्यायच्या. तिच्यात अफू असायची. लेकरू दिवसभर गुंगीत पडून राहायचं, भुकेनेही उठायचं नाही, आणि आईची पाळी निभावायची. १९२२ साली डॉ. बार्न्स या सरकारी स्त्री डॉक्टरांनी मुंबईच्या कामकरी बायांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या ९८ लेकरांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. त्या बायांना लेकराची माया नव्हती काय? होती. लेकराला सांभाळायला घरात कुणी नव्हतं आणि गिरणीत जागा नव्हती.

आज बाळागोळी नाही. पण आई कामावर जाण्याची वेळ आणि पहिल्या दाताची वेळ अजूनही एकच आहे. पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. म्हणजे आई परत कामाला लागते तेव्हा लेकरू चार ते सहा महिन्यांचं असतं, हिरडी शिवशिवायला लागलेली असते. आमच्या घरी आम्ही रात्र वाटून घेतली आहे. रात्रीचा पहिला भाग मुलाचा, मधला माझा, पहाटेचा सुनेचा, कारण तिला तेव्हा पाजायचंच असतं. मुलगा नातीला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारतो. बापाच्या बोटानेही हिरडीला तितकंच बरं वाटतं. घरातल्या पुरुषांनी हे काम आपलं मानावं.

ज्यांच्या घरी आजी नाही, त्यांच्यासाठी २०१७ मध्ये मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडे जाऊ द्यावं लागतं. वाळूज-चिकलठाण्याला जाणाऱ्या कितीतरी पोरींना हे ठाऊकच नाही. बायांनो, आपल्या ठिकाणी पाळणाघर आहे का, ते विचारा. नसेल तर अर्ज लेखी द्या, एकटीने नको, चौघी-पाचजणींच्या सह्यांनी द्या, आणि पोच घ्या.